हॅलकोमचा दबका टोला

अ‍ॅव्हरिल टोझरशी हुज्जत घालून कुणी जिंकल्याचं हॅलकोममध्ये कुणाला आठवत नाही. तिचा सगळा जन्म गावच्या शाळेत स्वयंपाक करण्यात गेला, आणि आज पन्नाशीला टेकलेली, पोट सुटलेली माणसंसुद्धा ती समोर असली की ताटातला कोबी मुकाट संपवतात. उंचीने बेताची, आवाजाने दणदणीत. नवरा रॉन लॉरी चालवायचा. तो गेला तेव्हा तिने चार दिवस स्वयंपाकघराचं दार बंद ठेवलं आणि पाचव्या दिवशी पोरांना सफरचंदाचं गोड करून वाढलं. दुःखाबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, "आहे ना, आहे. तुला वाटून देऊ का थोडं?"

या बाईचा खरा जीव होता तो चर्चच्या मनोऱ्यात. आमच्या इंग्लंडच्या डेव्हनमध्ये घंटा वाजवणं म्हणजे कुणी एकाने दोराला लोंबकळून ठणाणा करणं नव्हे. सहा घंटा, सहा दोर, सहा माणसं. सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं आणि धाकटीपासून थोरलीपर्यंत एकेक टोला एकापाठोपाठ असा पडला पाहिजे की मधे पोकळी नको आणि धक्काबुक्कीही नको. कप्तानाने हाक दिली की दोन घंटांनी जागा बदलायच्या. हे शिकण्यात माणसाची उमेदीची वर्षं जातात आणि चुकलं की सगळ्या दरीला कळतं. अ‍ॅव्हरिल गेली कितीतरी वर्षं इथली कप्तान होती. तिचा एकच नियम होता. खालची भांडणं खाली ठेवायची. कुणाच्या गायी कुणाच्या कुरणात शिरल्या, कुणाची बायको कुणाशी बोलत नाही, काय असेल ते जिन्याच्या पायथ्याशी टाकून वर यायचं. एकदा क्लाइव्ह पोस्टमनने वर येऊन शेजाऱ्याच्या कुंपणाचा विषय काढला, तर तिने त्याच्या हातातून दोर काढून घेतला आणि त्याला तीन आठवडे खाली बाकावर बसवलं.

थोरली घंटा डेस्मंड लस्कमची. ताडमाड उंच माणूस, जन्मभर मासेमारीचा ट्रॉलर घेऊन समुद्रावर गेलेला. बोलणं कमी, आणि बोललाच तर हवामानावर. अ‍ॅव्हरिल लहानपणी पहिल्यांदा मनोऱ्यात आली तेव्हा दोराने तिला छताकडे उचलून नेलं होतं, आणि कमरेला धरून तिला खाली आणणारा हाच. तेव्हापासून तो तिला "पोरी" म्हणतो. ती सत्तरीच्या जवळ आली तरी पोरीच.

धाकटी घंटा मरायकाची. ही हॉलंडची, झीलंडच्या किनाऱ्यावरची. आमच्या गावच्या गुरांच्या डॉक्टरशी लग्न करून आली, डॉक्टर वारला, ती राहिली. चर्चच्या खालच्या उतारावर तिचं काचेचं रोपघर आहे, तिथे टोमॅटोची नि फुलांची रोपं विकते. सडपातळ, खारीसारखी चपळ. त्यामुळे घंटांपर्यंतची उभी शिडी चढायची सगळी कामं तिची. गावात कुणी गेलं की घंटेच्या आतल्या लोळीला, जी घंटेवर आपटते तिला, एका बाजूने चामड्याची गादी बांधायची असते. मग पहिला टोला खणखणीत पडतो आणि परतीचा दुसरा टोला दबका, लांबून कुणी उत्तर दिल्यासारखा येतो. मयताचा टोला तो. गाद्या बांधायच्या मरायकाने, वाजवून झालं की काढायच्याही तिनेच. हे गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

तर असा हा सुरळीत चाललेला संसार होता. मग त्या मतदानाचं वर्ष आलं.

युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं, एवढाच प्रश्न. पण त्याने गाव उभं चिरलं. बेकरीत एका बाजूच्या लोकांनी जाणं सोडलं, कारण बेकरीवाल्याने खिडकीत संघाचा निळा झेंडा लावला. 'नांगर' नावाच्या आमच्या पबमध्ये शेकोटीजवळची बाकं बाहेर पडणाऱ्यांची झाली आणि दारू भरून देण्याच्या फळीजवळची राहणाऱ्यांची. दोन सख्ख्या बहिणींनी एकमेकींना नाताळचं कार्ड पाठवणं बंद केलं, आणि आमच्याकडे कार्ड बंद होणं म्हणजे नातं संपणं. निकाल लागला, बाहेर पडायचं ठरलं, पण पडणं काही होईना. तारखा ठरत, पुढे जात. जिंकलेले चिडलेले, हरलेले चिडलेले. साडेतीन वर्षं सगळं गाव दात ओठ खात बसलं होतं.

अ‍ॅव्हरिलला कुणी विचारलंच, "तू कुणाला मत दिलंस गं?" तर उत्तर ठरलेलं. "मताची पेटी बंद असते ती तुझ्यासारख्यांसाठीच." सगळे समजत की ती राहण्याच्या बाजूची. मरायका तिची जिवलग, दर रविवारी दोघी स्कोन नावाच्या छोट्या पावावर आधी साय मग जॅम लावून खातात, मग दुसरं काय असणार!

खरं असं होतं की अ‍ॅव्हरिलने बाहेर पडायला मत दिलं होतं. पेन्सिल हातात घेऊन ती त्या लाकडी आडोशात बराच वेळ उभी होती आणि तिच्या डोळ्यांसमोर डेस्मंडची बोट होती. संघाने समुद्रातल्या मासळीचे वाटे पाडले, बोटी फार झाल्या म्हणाले, आणि सरकारने ज्या बोटी मोडीत काढायला लावल्या त्यांत डेस्मंडची बोट गेली होती. त्या दिवसानंतर तो बंदराकडे फिरकला नव्हता. अ‍ॅव्हरिलने त्याच्यासाठी फुली मारली. बाहेर आली तर दाराशी मरायका भेटली. मरायका अजून हॉलंडचीच नागरिक, तिला मत नव्हतं, ती नुसती अ‍ॅव्हरिलला घ्यायला आली होती. "झालं?" तिने विचारलं. "झालं," अ‍ॅव्हरिल म्हणाली आणि गाडीत बसली. तेव्हापासून मरायकाचा चेहरा नीट बघताना तिला कुठेतरी बोचायचं. मनोऱ्यातला नियम तिने आणखी कडक केला. डेस्मंड आणि मरायका दोघांना एकाच खोलीत, एकाच वर्तुळात उभं ठेवता येतंय ना, मग बाकी जग गेलं खड्ड्यात, असं तिने ठरवून टाकलं होतं.

मग जानेवारीत खरोखरच सुटण्याची तारीख पक्की झाली, शुक्रवारची. आणि क्लाइव्हने मागणी केली की दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, चर्चच्या घंटा वाजल्या पाहिजेत.

गावच्या सभागृहात सभा भरली. एरवी तिथे भोपळ्यांचं प्रदर्शन भरतं आणि तेव्हाही मारामारीची वेळ येते, पण त्या दिवशी भिंतीला टेकूनही माणसं उभी होती. पाद्रीसाहेब तरुण, चार गावांच्या चर्चचा भार एकट्याच्या डोक्यावर, कुणालाही नाही म्हणायची सवय नाही.

"चर्च सगळ्यांचं आहे," ते म्हणाले.

"सगळ्यांचं आहे ना? मग वाजवा की," क्लाइव्ह म्हणाला. "जिंकलं कोण?"

निवृत्त मास्तरीण ग्वेंडा, तीही घंटावालीच, ताडकन उठली. "हरलेल्यांच्या डोक्यावर घंटा बडवायच्या, ही कुठली रीत रे?"

"साडेतीन वर्षं रडताय बाई. रुमाल पुरेनात का?"

"रुमाल बाहेरून येतात. आता तेही महाग होतील!"

हशा पिकला, पण तो हशा लगेच आंबट झाला. मागून कुणीतरी ओरडलं, कुणीतरी त्याला "गप बस, मेंढरा" म्हणालं. मग मरायका उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नसे.

"मी इथे तीस वर्षं आहे," ती म्हणाली. "तुमच्या राणीच्या वाढदिवसाला वाजवलं, तुमच्या पोरींच्या लग्नात वाजवलं. गेल्या वर्षी मला फोनच्या कॅमेऱ्यासमोर तोंड धरून सरकारला विचारावं लागलं, बाबांनो, मी राहू का? राहा म्हणाले. आभारी आहे. पण त्या आनंदात मी दोर ओढावा असं कुणाला वाटत असेल, तर ते माझ्याच्याने होणार नाही."

ती बसली. पाद्रीसाहेबांनी घसा खाकरला आणि म्हणाले की ते हा निर्णय घंटावाल्यांवर, म्हणजे त्यांच्या कप्तानावर सोडतात. इतकं बोलून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि सगळ्या खोलीने माना वळवून अ‍ॅव्हरिलकडे पाहिलं.

"विचार करते," ती म्हणाली. इतकं मिळमिळीत उत्तर तिच्या तोंडून गावाने पहिल्यांदाच ऐकलं.

विचार करायला सवड मिळालीच नाही. त्याच आठवड्यात अर्नेस्ट गेला. अर्नेस्ट म्हणजे जुना कप्तान, या सगळ्यांना हाताला धरून शिकवणारा. गुरुवारी त्याला पुरलं. मरायका सकाळी वर चढून सहाही घंटांना गाद्या बांधून आली, आणि सहाही जणांनी त्याच्यासाठी अशा काही घंटा वाजवल्या की क्लाइव्ह आणि ग्वेंडा, जे आठवडाभर एकमेकांचं तोंड बघत नव्हते, एकाच रुमालाला डोळे पुसत होते. एक टोला खणखणीत, एक दबका. अ‍ॅव्हरिलला वाटलं, चला, अर्नेस्टने जाता जाता गाव सांधून दिलं.

मयतानंतरचा चहा सभागृहात होता. ती सँडविचं लावत असताना डेस्मंड शेजारी येऊन उभा राहिला.

"पोरी, शनिवारचं काय ठरलं?"

"आज नको, डेस्मंड."

"आजच विचारतो. मग विचारणं माझ्याने होणार नाही." त्याने कप खाली ठेवला. "त्या बोटीबद्दल मी कधी बोललोय तुझ्याशी?"

"नाही."

"नियम असा होता की मालकाने समोर उभं राहायचं. बोट खरंच मोडली हे बघून सही करायची. क्रेनचा पंजा आला, आधी केबिन उचलली. ओली होती, सकाळीच मी फरशी पुसली होती. का पुसली देव जाणे." त्याने कप जरा पुढे सरकवला. "आपण मेल्या माणसाला वाजवतो. लग्नाला वाजवतो. माझ्या बोटीला कुणी टोला दिला नाही. मला कुणावर जिंकायचं नाही गं. क्लाइव्हला नाचायचं असेल, मला नाही. मला फक्त एकदा मोकळा, खणखणीत टोला ऐकायचाय. नाही म्हणालीस तरी चालेल. पण नाही म्हण."

अ‍ॅव्हरिल नाही म्हणू शकली नाही. आयुष्यात शेकडो लोकांना ती नाही म्हणाली होती, पण फरशी पुसल्याचं ऐकून तिने हातातलं सँडविच खाली ठेवलं. "वाजवू," ती म्हणाली.

मागे बशा घेऊन मरायका उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. चिडली नाही, आवाज चढवला नाही. बशा टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "वाजवा. मी येणार नाही. पाचांत जमेल तुम्हाला." कोट घातला आणि गेली. दर मयताच्या चहानंतर ती वर जाऊन गाद्या काढून यायची. त्या दिवशी ती सरळ घरी गेली, आणि ती सरळ घरी गेली हे सभागृहातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शुक्रवारचा सगळा दिवस अ‍ॅव्हरिल घरात फिरत होती. दोनदा तिने मरायकाचा नंबर लावला आणि वाजण्याआधीच बंद केला. काय बोलणार? मी त्याला हो म्हणाले कारण त्याची फरशी ओली होती? आणि मतदानाच्या दिवशी तू मला गाडीतून घरी सोडलंस, तेव्हाही मी त्यालाच हो म्हणून आले होते? तिच्या डोक्यात ही दोनच माणसं घिरट्या घालत होती. मनोरा, शिडी, चामडं, काही म्हणता काही तिच्या मनात नव्हतं. जिने आयुष्यात एकदाही वर नजर टाकल्याशिवाय दोराला हात लावला नव्हता, ती बाई शनिवारी सकाळी मनोऱ्यातल्या दोरांच्या खोलीत आली, चौघांकडे बघून मान हलवली, आणि म्हणाली, "घ्या."

बाहेर चर्चच्या आवारात निम्मं गाव जमलं होतं. काहींच्या हातात झेंडे, काही हाताची घडी घालून भिंतीपाशी. क्लाइव्हच्या बायकोने सायडरचं पिंप आणलं होतं.

घंटा खाली लोंबत असतात. त्या हळूहळू झुलवत उलट्या होईस्तोवर वर न्याव्या लागतात. सुरुवातीला नुसते लहान लहान टोले, एकमेकांच्या अंगावर. घंटा थोड्या चढल्या. मग अ‍ॅव्हरिलला ऐकू आलं. तिच्या घंटेचा पहिला टोला खणकन् पडला आणि परतीचा आला तो दबका, लोकरीतून आल्यासारखा. तिला वाटलं कान गेले आपले. मग पुढची घंटा, मग तिच्या पुढची, आणि शेवटी डेस्मंडची थोरली. तिचा तो दबका टोला दरीतून खाली गेला तेव्हा बाहेरचा गलका थांबला.

पाचही जणांना कळलं. ग्वेंडाचं तोंड उघडं राहिलं. पण निम्म्यावर चढलेली घंटा सोडून देता येत नाही. दोर सोडला तर तो माणसाला मारेल. वर नेलीत तशीच टोला टोला मोजत खाली आणावी लागते. त्यामुळे अ‍ॅव्हरिलला "उतरवा" म्हणावं लागलं, आणि मग ते पाच जण तोंडातून शब्द न काढता, गुरुवारी अर्नेस्टला दिली तीच मानवंदना त्या सकाळला देत राहिले. डेस्मंड समोर उभा होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात दोराला गुंतलेले असल्यामुळे त्याला ते पुसताही येत नव्हतं. अ‍ॅव्हरिलला ते बघावं लागलं, शेवटच्या टोल्यापर्यंत.

ती बाहेर आली तेव्हा आवारात आग पेटायची तेवढी बाकी होती. भिंतीजवळच्या लोकांतला कुणीतरी टाळ्या वाजवत होता. "शाब्बास! बरोबर वाजवलंत! मयतच आहे आज!" त्यावर झेंडेवाल्यांतला एक त्याच्या अंगावर धावून गेला, दोघांनी त्याला धरलं. पाद्रीसाहेब मधे हात पसरून "मित्रांनो, मित्रांनो" करत होते.

"गाद्या!" क्लाइव्ह पाठोपाठ येऊन ओरडला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "गाद्या काढल्याच नाहीत वरच्या!"

"काढायचं काम कुणाचं?" कुणीतरी विचारलं.

मग सगळ्यांच्या माना हळूहळू उताराकडे वळल्या. खाली मरायकाचं रोपघर उन्हात चकाकत होतं.

"तिचंच की. मुद्दाम ठेवून गेली."

"सभेत बोललीच होती."

"तीस वर्षं आमचं मीठ खाल्लं, आणि हे?"

"चला, विचारू तिला. दारातच विचारू. नको असेल इथे राहायला तर जा म्हणावं आपल्या गावी."

तिघं चौघं निघालेच. त्यात गुंड कुणी नव्हतं, हेच वाईट. एक दूधवाला होता, एक दुकानदार होता, एकाला अ‍ॅव्हरिलने पाच वर्षं शाळेत जेवू घातलं होतं. पण त्या सकाळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते घेऊन ते काचेच्या घरापर्यंत गेले असते तर काय झालं असतं, हे तिला स्वच्छ दिसलं. आणि आज काच फुटली नसती तरी उद्यापासून मरायकाला या गावात रोपं विकता आली नसती, हेही दिसलं. 'मी विसरले' म्हणून उपयोग नव्हता. कप्तान विसरली म्हणजे काय, काम तर हिचंच ना, असंच म्हणाले असते. मरायकाचं नाव त्यातून पुसलं गेलं नसतं.

"थांबा रे!" शाळेच्या जेवणघरातला तो आवाज होता. चौघं जागच्या जागी थांबले. "मरायकाने ठेवल्या नाहीत गाद्या. मी ठेवल्या. ती काढायला निघाली होती, मीच म्हटलं राहू दे."

"तू?" क्लाइव्हला पटेना.

"मी. मुद्दाम. मला हा सगळा तमाशा पसंत नव्हता. आता काय करायचं ते मला करा. चला, कोण विचारतंय?"

कुणी विचारलं नाही. तिला विचारणं सोपं नव्हतंच कधी. गर्दी मागे सरली आणि त्या वाटेतून डेस्मंड आला. गुडघ्यांमुळे तो जिना सगळ्यांच्या शेवटी उतरायचा. त्याने सगळं ऐकलं होतं.

"पोरी," तो म्हणाला, "विसरलीस ना?"

तिने उताराकडे नजर टाकली.

"अर्नेस्ट गेला. आठवडा वाईट गेला सगळ्यांचाच. माणूस विसरतो. तू विसरलीस एवढं म्हण. मी घरी जातो, जेवतो, बुधवारी सरावाला येतो. बाकी कुणाला काय वाटायचं ते वाटू दे." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "विसरले म्हण."

किती सोपं होतं! आणि खरंही होतं. पण डेस्मंडच्या मागे क्लाइव्ह कान टवकारून उभा होता, आणि ते चौघं अजून उताराच्या तोंडाशीच होते.

"नाही," अ‍ॅव्हरिल म्हणाली. "मला आठवत होतं."

त्याचा हात खांद्यावरून खाली आला. तो भडकला असता तर बरं झालं असतं. "मी म्हटलं होतं तुला, नाही म्हणालीस तरी चालेल," तो म्हणाला. "मी ऐकलं असतं गं." आणि टोपी घालून, एकेक पायरी सांभाळत, तो फाटकातून बाहेर गेला. तिने त्याला हाक मारली नाही. मारली असती तर खरं बोलून गेली असती.

रविवारी डेस्मंड आला नाही, मरायका आली नाही. चार घंटांवर कसंबसं भागवलं. बेकरीवाल्याने अ‍ॅव्हरिलला फुकट पाव देऊ केला आणि तिने तो त्याच्या अंगावर परत टाकला. 'नांगर'मध्ये शेकोटीकडच्या बाकांनी तिच्याकडे पाठ केली. या सगळ्याचं तिला काही वाटलं नाही असं नाही, पण ते तिला झेपत होतं.

दुपारी मागच्या दाराने मरायका आली. बूट न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली.

"खरं आहे? गाद्या तू ठेवायला सांगितल्यास? मी काढायला निघाले होते म्हणे."

"हो."

"मी तर सरळ घरी आले होते. खोटं का सांगितलंस?"

"तुझं नाव यायला नको म्हणून."

"म्हणजे गाद्या वर आहेत हे तुला माहीत होतं. आणि तशीच वाजवलीस." मरायका तिच्याकडे बघत राहिली. "माझ्यासाठी केलंस का हे?"

सांगावं, आत्ताच सांगावं, असं अ‍ॅव्हरिलच्या अगदी ओठांवर आलं. पण मरायकाचा स्वभाव तिला ठाऊक होता. खरं कळलं की ही बाई याच बुटांनी डेस्मंडच्या दारात जाणार, तिथून 'नांगर'मध्ये जाणार, आणि सगळ्यांसमोर सांगणार, काम माझं होतं, मी काढल्या नाहीत. आणि मग काल जे टाळलं ते आज होणार.

"माझ्यासाठी असेल तर फार वाईट केलंस," मरायका म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला राग होता, अजून आहे. पण तो म्हातारा! माझा डॉक्टर गेला तेव्हा महिनाभर माझं लाकूड कोण फोडून देत होतं? मूर्ख आहे तो, पण त्याला असं रडवायचं? सगळ्या गावासमोर? अगं, मला एक फोन केला असतास तर मी येऊन काढून गेले असते. वाजवलं नसतं मी. पण त्याच्यासाठी शिडी चढून, काढून गेले असते."

"सुचलं नाही मला," अ‍ॅव्हरिल म्हणाली.

"सुचलं नाही! तुला?" मरायका हसली, ते हसू अ‍ॅव्हरिलने तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मग ती मागच्या मागे दार ओढून निघून गेली. दोन दिवसांत अ‍ॅव्हरिल गाद्यांबद्दल खरं बोलली होती ते एवढंच, आणि मरायकाने त्यावर विश्वास ठेवला नाही.